वाकड्या मानेची निळी कुपी

१

सोमवारी सकाळी सव्वाआठला उस्तादांनी भट्टीघरातलं लोखंडी कपाट उघडलं, तर वरचा कप्पा रिकामा. त्यांनी कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडलं. वही काही परत आली नाही.

त्या कप्प्यात एकोणतीस वर्षं एकच वस्तू राहत आली होती. जाड पुठ्ठ्याची, कडा करपलेली रंगवही. कारखान्यात जी रंगीत काच फुंकली जायची, तिच्यातला प्रत्येक रंग कसा साधायचा ते त्या वहीत उस्तादांच्या हाताने लिहिलेलं होतं. कपाटाची किल्ली शेजारच्या खिळ्याला असायची आणि ते शिपायापासून मालकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. तिथे कुलूप होतं ते केवळ मान म्हणून.

साडेदहाला चौकीवरून दोघं आली. निरीक्षक बाई पन्नाशीच्या, चालताना उजव्या गुडघ्याला जपणाऱ्या. त्यांच्या मागे हवालदार, वय बत्तीस, खिशात चाळीस पानांची पुस्तिका. देहबोलीवरून संशयित कसा ओळखावा याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन तो नुकताच परतला होता. पहिला प्रयोग त्याने घरीच केला. बायकोने नाक खाजवलं, आणि तू खोटं बोलतेस असं त्याने तिला पुस्तिकेच्या आधाराने सांगितलं. तेव्हापासून चार दिवस तो आपला डबा आपणच भरत होता.

मालकांनी दोघांना नमुन्यांच्या खोलीत बसवलं आणि एका दमात सगळं सांगितलं. उस्ताद सत्तरीला टेकलेत, हात थरथरतो. आज संध्याकाळी पाचला सगळ्या कामगारांसमोर ती वही ताईच्या हाती द्यायची आणि तिला मुख्य कारागीर करायचं असं ठरलं होतं. ताई म्हणजे उस्तादांच्या हाताखाली सोळा वर्षं काढलेली कारागीर. तिचं नाव कुणी घेत नसे, तिच्याहून वयाने मोठे कामगारही तिला ताईच म्हणत. पण आज सकाळी तिच्या खणात एक पत्र सापडलं होतं. दुसऱ्या एका कारखान्याने तिला बोलावणं धाडलेलं.

मालकांच्या मते हिशेब सरळ होता. वही शनिवारी संध्याकाळी जागेवर होती, आज नाही. काल सुट्टीच्या दिवशी फाटकावरच्या नोंदीप्रमाणे चौघंच आत आले. त्यांत ताई एक, आणि बाहेरून बोलावणं आलेली ती एकटीच.

"पाचपर्यंत वही मिळाली तर ठीक," मालक म्हणाले. "नाहीतर वहीऐवजी तिच्या हातात बडतर्फीचं पत्र पडेल. आणि जागा माझ्या मेव्हण्याला."

घड्याळात पावणेअकरा झाले होते.

२

निरीक्षक बाईंची एक जुनी सवय होती. चौकशीला आलेल्या माणसाला चांगली खुर्ची द्यायच्या आणि स्वतः डगमगणारी घ्यायच्या. मग चहा मागवायच्या आणि पहिली दहा मिनिटं गुन्ह्याचं नावही काढायच्या नाहीत. हवालदाराला हा वेळेचा अपव्यय वाटायचा. पुस्तिकेत सात खुणा दिल्या होत्या, आणि त्या दहा मिनिटांत सात माणसं तपासून झाली असती.

ताई आली ती भट्टीवरूनच. बसल्याबरोबर तिने हातांची घडी घातली. पहिली खूण. तिचं बाईंच्या डोळ्यांकडे लक्षच नव्हतं, ती सारखी दाराकडे बघत होती. दुसरी. चेहरा लाल, कपाळावर घाम, बोलणं तुटक. तिसरी, चौथी आणि पाचवी. हवालदाराने पेन्सिलीचं टोक काढलं.

बाईंनी कामाचं विचारलं. नळीच्या टोकाला काच किती घ्यायची, फुंकर किती मारायची, हात कधी थांबवायचा. ताईने घडी सोडली आणि टेबलावरची एक पेन्सिल उचलून मांडीवर तळव्याखाली फिरवायला सुरुवात केली, पुढे आणि मागे. हात थांबवायचाच नाही, ती म्हणाली, थांबला की काच लोंबते. बोलता बोलता तिने कान टवकारले आणि भट्टीची झडप कुणीतरी जास्त उघडली आहे असं सांगितलं. खोलीतल्या बाकी दोघांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

पंख्याने टेबलावरचे कागद फडफडत होते. त्यांच्यावर वजन म्हणून काचेचा एक गोळा ठेवलेला होता. बाईंनी त्याखालची फाटकाची नोंद मागितली. ताईने हात पालथा करून बोटांची पाठ गोळ्याजवळ नेली, मग गोळा उचलून बाजूला ठेवला आणि कागद दिला. काल भट्टी राखायची पाळी तिची होती. आठ ते बारा ती आत होती. मग घरी जाऊन चारला परतली. कपाटाकडे बघायचं काही कारण नव्हतं. बाहेरून आलेल्या पत्राला तिने महिन्यापूर्वीच नकार कळवला होता. मालकांनी विचारलं असतं तर त्यांनाही सांगितलं असतं, पण त्यांनी न विचारता खण उघडला.

"ती वही तुम्ही कधी वाचली होती?" बाईंनी सहज विचारलं.

मांडीवरची पेन्सिल थांबली. ताईने खाली बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "ती उस्तादांची आहे."

ती गेल्यावर हवालदार पाणी प्यायला बाहेर आला. तिथे मालक उभेच होते. काय वाटतं, त्यांनी विचारलं. सातपैकी पाच खुणा, हवालदार म्हणाला, आणि शेवटचं उत्तर तर धडधडीत खोटं. मालकांनी मान हलवली आणि तडक कारकुनाच्या खोलीत जाऊन पत्र सांगायला सुरुवात केली.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्यामुळे हवालदाराला अधिकच वाईट वाटलं.

"सातपैकी चार खुणा आत्ता माझ्यातही आहेत," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखतोय. भट्टीवरून आलेल्या बाईला घाम येणार नाही तर काय होणार? तुम्ही सुतावरून स्वर्ग गाठलात आणि एका बाईच्या पोटावर पाय आणलात. आता पाचच्या आत तो उचलायचा कसा, ते बघू."

"पण मॅडम, ती शेवटी खोटं बोलली."

"बोलली," बाई म्हणाल्या. "तेवढं तुमचं बरोबर आहे."

३

दुसरे आले पेटीवाले मामा. तयार माल भुशात बसवून पेट्या ठोकणं हे त्यांचं काम. मामा खुर्चीच्या कडेवर टेकले, उठले आणि पुन्हा टेकले. नाकाला, कानाला, मानेला हात लावला. हवालदाराच्या पुस्तिकेतल्या सातही खुणा मामांनी चहा येण्यापूर्वीच पूर्ण केल्या आणि पुस्तिकेत नसलेल्या दोन वर घातल्या. पण हवालदार आता शहाणा झाला होता. त्याने काहीच लिहिलं नाही.

बाईंनी पेट्यांचं विचारलं आणि मामांचा बांध फुटला. पेट्यांचं लाकूड ओलं येतं. भुसा कमी पडतो. आणि आज सकाळी तर कहरच. भट्टीघरात फुटक्या काचेची दोन पिंपं आहेत, एक पांढऱ्या काचेचं, दुसरं रंगीत. फुटलेली काच पुन्हा वितळवतात, म्हणून ती कधी मिसळायची नसते. चिमूटभर निळी पांढऱ्यात गेली तर अख्खी भट्टी नासते. शनिवारी मामांनी दोन्ही पिंपं स्वतः रिकामी केली होती, आणि आज पांढऱ्या पिंपाच्या तळाशी निळे तुकडे. बरं तर बरं, मामांनी ओतण्याआधी बघितलं.

"इथे झाडणारासुद्धा असं करत नाही," मामा म्हणाले. "ज्याने केलं त्याला माझ्यासमोर उभा करा, मग वही सापडो न सापडो."

तुकडे त्यांनी एका पोत्यात काढून ठेवले होते. बाईंनी मान डोलावली आणि गोळ्याखालचा कागद मागितला. आता गोळा त्यांनीच मुद्दाम पुन्हा कागदांवर ठेवला होता, हे हवालदाराच्या लक्षात आलं, पण कशासाठी ते आलं नाही. मामांनी गोळा कांद्यासारखा मुठीत पकडला, बाजूला आपटला आणि कागद दिला. काल ते नऊ ते एक मागच्या आवारात पेट्या ठोकत होते. ठोकाठोक फाटकापर्यंत ऐकू जात होती.

तिसरा मालकांचा मेव्हणा, माल विकायला गावोगाव फिरणारा. पाय लांब सोडून, हसत, जणू बाईच त्याच्याकडे नोकरी मागायला आल्यात अशा थाटात तो बसला. हवालदाराला तो पाहताक्षणी आवडला नाही. वही गेली तर मुख्य कारागिराची जागा आयती यालाच मिळणार होती. हातच्या काकणाला आरसा कशाला?

बाईंनी त्याला विक्रीचं विचारलं, आणि मग सरळच विचारलं, की ही जागा मिळाली तर काय करणार. त्याचं हसू मावळलं. पाय आपोआप खुर्चीखाली गेले.

"मॅडम, तुम्ही दाजींना सांगा ना," तो आवाज उतरवून म्हणाला. "ताईशी माझं चांगलं जमतं. मला त्या भट्टीपुढे उभं केलं तर मी तासाभरात वितळेन. ताईच्या साडेतीनशे फुलदाण्या मी विकतो, माझ्या तीन कोण घेणार? पण दाजींपुढे बोलायची सोय आहे का? ताई तिथे हवी. माझ्यासाठी हवी."

काल तो बाराला आला आणि नमुने घेऊन साडेबाराला गेला. कागद देताना त्याने गोळा दोन बोटांत धरून उजेडात नेला, आतला बुडबुडा बघितला, खालचा तळ बघितला, आणि हा जरा दुय्यम माल आहे असं सांगून तो हलकेच खाली ठेवला.

मेव्हणा गेल्यावर हवालदाराने यादीतलं त्याचं नाव खोडलं. मामांचं आधीच खोडलं होतं. आता उरली ताई आणि एक कारकून. आणि कारकुनाच्या खोलीतून टंकयंत्राचा आवाज येत होता. ताईचं पत्र तयार होत होतं.

४

कारकुनाला कारखान्यात सगळे भाऊसाहेब म्हणत. वय चव्वेचाळीस. केस चापून बसवलेले, अंगात लांब बाह्यांचा सदरा, मनगटापर्यंत बटणं लावलेली. अकरा वर्षं मालकांची पत्रं लिहून घेणं आणि टंकणं हे त्याचं काम. तो खुर्चीत सरळ बसला, दोन्ही तळवे टेबलावर उघडे ठेवले आणि बाईंच्या डोळ्यांत बघून शांतपणे उत्तरं दिली. सातपैकी एकही खूण नाही. इतका निर्मळ माणूस हवालदाराने पुस्तिकेच्या चित्रातच पाहिला होता.

बाईंनी त्याला टंकलेखनाचं विचारलं. खाडाखोड होते का? नाही, तो म्हणाला, आणि प्रथमच किंचित हसला. गेल्या तीन वर्षांत एक कागद फुकट गेलेला नाही. काल? काल तुंबलेली पत्रं उरकायला साडेअकराला आला, पावणेचारला गेला. आपल्याच खोलीत होता.

भट्टीघरात जाणं होतं का कधी?

"अकरा वर्षांत त्या दाराच्या आत पाऊल टाकलेलं नाही," भाऊसाहेब म्हणाला. "मला धग सोसत नाही. मी कागदाचा माणूस."

बाईंनी कागद मागितला. त्याने हात पालथा करून गोळ्यापाशी नेला, क्षणभर थांबला, गोळा उचलून ठेवला आणि कागद दोन्ही हातांनी पुढे केला. शिष्टाचार बघा, हवालदाराच्या मनात आलं.

तो गेल्यावर बाई उठल्या आणि कोरे कागद हवेत असं सांगून त्याच्या मागोमाग त्याच्या खोलीत गेल्या. हवालदारही गेला. खोली लहान होती. एका भिंतीला मोठी काच, पलीकडे भट्टीघर. काम करणारे सहा जण इथून नाटकातल्यासारखे दिसत. टेबलावर टंकयंत्र, शेजारी त्याचं उंच पत्र्याचं झाकण. टेबलाखाली कागदाची टोपली. बाईंनी कागद घेतले, टोपलीकडे नजर टाकली आणि बाहेर आल्या.

"टोपलीत काय होतं?" त्यांनी जिन्याशी विचारलं.

"चुरगाळलेले कागद, मॅडम. तीन."

"आणि तीन वर्षांत किती फुकट गेले होते?"

 बाईंनी घड्याळ बघितलं. तीन चाळीस.

"मामांचं पोतं आणा," त्या म्हणाल्या. "आणि उस्तादांना बोलवा. पण ताईला यातलं काही कळू देऊ नका. तिचं खोटं अजून तिच्याजवळच राहू दे."

५

उस्ताद आले आणि पोत्यातले तुकडे त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर एकेक करून मांडले. थोडी जुळवाजुळव केल्यावर त्यांतून वस्तू दिसू लागल्या. सात लहान कुप्या, तडकलेल्या, प्रत्येकीची मान वाकडी. उस्तादांना आधी हसू आलं. महिनाभर नळी धरलेला माणूसही अशी मान काढणार नाही, ते म्हणाले, ही तर झोपेत आखडलेली मान आहे.

मग त्यांचं हसू थांबलं. ते पहिल्या कुपीपासून सातवीपर्यंत बोट फिरवत गेले. पहिली फिकट. दुसरी काळपट. तिसरी पुन्हा फिकट, चौथी जरा जवळ. सातवी त्यांनी उजेडात धरली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली.

"हा माझा निळा आहे," ते म्हणाले.

वहीत लिहिलंय म्हणून जमला असेल, हवालदाराने सुचवलं. उस्तादांनी त्याच्याकडे दयेने पाहिलं. वहीत काय लिहिलंय? रंगाची भुकटी दोन चिमटी आणि वर एक जराशी कमी. चिमूट कुणाची? त्यांची. तराजू त्यांनी आयुष्यात वापरला नाही. वही वाचून कुणालाही रंग साधणार नाही, चिमूट सापडेपर्यंत करत राहावं लागेल. इथे ज्याने कुणी केलं त्याने सात वेळा केलं आणि सातव्यांदा रंग पकडला. उस्तादांना स्वतःला गुरूचा निळा साधायला पूर्ण हिवाळा लागला होता.

बाईंनी आणखी एकच गोष्ट विचारली. नवा माणूस आला की पहिल्या दिवशी काय शिकवता? उस्तादांनी उत्तर करूनच दाखवलं. टेबलावरच्या गोळ्यापाशी त्यांनी थरथरता हात पालथा करून नेला. तापलेली काच आणि गार काच दिसायला सारखीच असते. तळवा भाजला तर महिनाभर काम बंद, म्हणून आधी हाताच्या पाठीने धग घ्यायची. एकदा अंगवळणी पडलं की माणूस घरी पाण्याचा पेलासुद्धा तसाच उचलतो. सुटत नाही ते.

उस्ताद गेले. हवालदार गोळ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि तो खुर्चीत बसला.

"मामांनी मुठीत धरला," तो हळूहळू म्हणाला. "त्यांच्याकडे काच येते ती गारच. मेव्हण्याने गिऱ्हाइकाला दाखवतात तसा धरला. ताईने पालथ्या हाताने, तो तिचा धंदाच. आणि भाऊसाहेबाने…"

"अकरा वर्षांत दाराच्या आत पाऊल न टाकलेल्या माणसाने," बाई म्हणाल्या.

"म्हणजे तो शिकतोय. चोरून शिकतोय. आणि शिकतोय म्हणूनच मान वाकडी. निळी काच पांढऱ्या पिंपात टाकली तीही म्हणूनच. हात पालथा करणं काचेतून बघून शिकता येतं, पण कुठल्या पिंपात काय जातं ते कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही. ताई असती तर मान सरळ आली असती. बाहेरचा असता तर हात पालथा झाला नसता."

"आता पुस्तिका फेकू नका," बाई म्हणाल्या. "फक्त ती वाचायच्या आधी माणूस वाचा. तो एरवी कसा बसतो, त्याचे हात एरवी काय करतात, ते दहा मिनिटं बघायचं. मग तो कुठे बदलतो ते दिसतं. ताईची पेन्सिल थांबली तशी. माणूस लपवतोय हे दिसतं, हवालदार. काय लपवतोय ते नाही दिसत. ते त्यालाच विचारावं लागतं, आणि त्याने सांगावं असं आपल्याला वागावं लागतं."

पलीकडे टंकयंत्राचा आवाज थांबला. पत्र पूर्ण झालं होतं.

६

साडेचारला बाई भाऊसाहेबाच्या खोलीत गेल्या तेव्हा तो यंत्रासमोर हात मांडीवर ठेवून बसला होता. पत्र मालक घेऊन गेले होते. बाईंनी स्टूल ओढलं, त्याच्या बाजूला बसल्या, समोर नाही, आणि रुमालातून सातवी कुपी काढून टेबलावर ठेवली. काचेपलीकडे भट्टीचं तोंड लालभडक दिसत होतं. दोघंही थोडा वेळ तिकडेच बघत राहिली. हवालदार दारात उभा होता आणि त्याला वाटलं, आता बाई टोपलीतले कागद काढतील, फाटकाची वेळ काढतील, बाह्या वर करून भाजल्याच्या खुणा दाखवायला लावतील. बाईंनी यातलं काहीच केलं नाही.

"उस्तादांनी ही पाहिली," त्या म्हणाल्या. "मान वाकडी आहे म्हणून हसले. मग उजेडात धरली आणि म्हणाले, हा माझा निळा आहे. त्यांना हा साधायला पूर्ण हिवाळा लागला होता."

भाऊसाहेब कुपीकडे बघत होता. त्याचा चेहरा अकरा वर्षांत प्रथमच कारकुनाचा राहिला नाही.

"खरंच असं म्हणाले ते?"

"हवालदारांना विचारा."

हवालदाराने मान डोलावली. 

मग भाऊसाहेब बोलला, आणि थांबता थांबेना. ह्या भिंतीतून तो अकरा वर्षं बघत होता. पत्र सांगताना मालक जेवढा वेळ शब्द शोधत, तेवढा वेळ. दोन वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या दुपारी आत कुणी नव्हतं म्हणून त्याने नळी हातात घेतली. त्यानंतर ताईच्या पाळीची एकही सुट्टी सोडली नाही, कारण ती बारा ते चार घरी जाते. कुणाला विचारायची लाज वाटली. चव्वेचाळिसाव्या वर्षी कारकून फुंकायला शिकतो म्हटल्यावर गावभर हसं. काल निळा करून बघावा असं वाटलं, म्हणून वही काढली. पण घड्याळ बघायचं भान राहिलं नाही, चार वाजत आले, ताई यायची वेळ झाली, आणि तो वही सदऱ्यात खुपसून पळाला. आज उस्ताद रोजच्यासारखे नऊला येतील, त्याआधी ठेवून देऊ असं ठरवलं होतं. शेवटचा दिवस म्हणून उस्ताद सव्वाआठलाच आले.

हवालदाराला राहवलं नाही. चौकशीत इतकं शांत कसं राहता आलं, त्याने विचारलं.

"मालक समोर बसून कुणाला काय काय लिहायला सांगतात," भाऊसाहेब म्हणाला. "तोंडावरची रेषा हलू द्यायची नाही, हीच तर माझी नोकरी. पण आज ते पत्र… तीनदा चुकलं. चौथ्यांदा चुकायची हिंमत झाली नाही. चोर मी, आणि तिच्या नावापुढे चोरी माझ्याच बोटांनी टंकली."

त्याने टंकयंत्राचं पत्र्याचं झाकण उलटं केलं. वही आतच होती.

खालून घंटा वाजली. कामगार आवारात जमायला लागले होते. पाचला सात मिनिटं कमी होती आणि पत्र मालकांच्या खिशात होतं.

७

हवालदार वही घेऊन धावायच्या पवित्र्यात होता. बाईंनी त्याला अडवलं. वही ज्याने नेली तोच देईल, त्या म्हणाल्या, आणि भाऊसाहेबाकडे बघितलं. तो उठला. वही घेऊन तो न थांबता जिना उतरला.

आवारात पन्नासेक माणसं उभी होती. उस्ताद खुर्चीवर, ताई सगळ्यांत पुढे, हातांची घडी घालून. पत्राचं तिला समजलेलं होतं. मालकांनी घसा साफ केला आणि खिशात हात घातला. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत भाऊसाहेब पुढे आला आणि मला वाटेल ती शिक्षा करा, पण त्या पत्रातलं नाव चुकलं आहे, तिथे माझं घाला, असं त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. वही त्याने दोन्ही हातांनी पुढे धरली होती. मालकांनी एकदा वहीकडे, एकदा ताईकडे बघितलं. त्यांचा हात खिशातच राहिला. मामा मोठ्याने म्हणाले, म्हणजे पिंपात घाण करणारा हा होय, आणि सगळे हसले.

उस्तादांनी वही घेऊन ताईपुढे केली. ताईने हात पुढे केला नाही.

"मला एक सांगायचंय," ती म्हणाली, आणि निरीक्षक बाईंकडे बघितलं. "सकाळी मी ह्यांच्याशी खोटं बोलले. वही मी वाचलेली आहे. दहा वर्षं झाली. सगळी पाठ आहे. उस्तादांनी ती कुणाला दाखवली नव्हती, म्हणून आजवर बोलले नाही. त्यांना वाईट वाटलं असतं."

 उस्तादांच्या भुवया वर गेल्या.

"निळ्याचं पान," ते गुरकावले.

"दोन चिमटी आणि वर एक जराशी कमी."

"कुणाच्या चिमटीने?"

"तुमच्या. माझ्या चिमटीने सव्वादोन."

 उस्तादांचे खांदे हलू लागले, आणि ते हसतायत हे कळायला लोकांना जरा वेळ लागला. एकोणतीस वर्षं कुलूप लावत होतो, ते म्हणाले, आणि आतलं सगळं बाहेर फिरत होतं. त्यांनी वही तिच्या हातात कोंबली. ती तुझ्या उपयोगाची नाही, पण पुढे कुणाला तरी लागेल.

राहता राहिली तक्रार. ती नोंदवायची की नाही, बाईंनी मालकांना विचारलं. मालकांचा चेहरा त्या वेळी पुस्तिकेतल्या कुठल्याच चित्रासारखा नव्हता. त्यांनी ताईची माफी मागितली, चारचौघांत मागितली, आणि वही आता मुख्य कारागिरांची आहे, तेव्हा त्यांनीच ठरवावं म्हणून मोकळे झाले.

ताई भाऊसाहेबापुढे जाऊन उभी राहिली. मान कशाने वाकडी होते ते माहीत आहे का, तिने विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली. नळी फिरवताना तुम्ही दाराकडे बघत असणार, कुणी येतं का म्हणून, ती म्हणाली. काच बघायची सोडून. मग तिने सांगितलं, उद्या सकाळी सातला यायचं आणि दुपारपर्यंत तिच्या हाताखाली उभं राहायचं. एक वर्ष नळ्या धुवायच्या. ह्याहून मोठी शिक्षा तिला सुचत नाही. भाऊसाहेब काही म्हणायच्या आत मेव्हण्यानेच त्याच्या वतीने हो म्हणून टाकलं.

मग माझी पत्रं कोण टंकणार, मालकांनी विचारलं. दुपारनंतर हाच, ताई म्हणाली. सकाळी कमी पत्रं पाठवा.

मालकांनी नव्या नेमणुकीचं भाषण लिहून आणलं होतं. ते उलगडून ते भट्टीघराच्या दारात चढले, दोन पायऱ्या वर, सगळ्यांना दिसावं म्हणून. ताईने वही काखेत मारली आणि गर्दीकडे वळली.

"भाषण उद्या ऐकू. आत सहा नळ्या रिकाम्या पडल्यात आणि काच घट्ट होत चाललीय. चला."

पन्नास माणसं निघाली. दारात मालक उभे होते, हातात कागद घेऊन.

"जरा बाजूला," मुख्य कारागीर म्हणाली.

मालक बाजूला झाले.